जिवंत माणसाचं नाव

माँट्रियलच्या फर्निचर कारखान्यात पप्पांचा पहिला दिवस होता. फोरमननं हजेरीचं कार्ड भरायला नाव विचारलं. पप्पा म्हणाले, "एलिशा." फोरमननं पेन खाली ठेवलं आणि त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "एलिझे? हे तर माझ्या आजोबांचं नाव! तुला कुठून मिळालं?"

पप्पांनी घरी येऊन ही हकिगत सांगितली तेव्हा त्यांची छाती फुगली होती. "त्याला म्हटलं, बाबा रे, मला कुठून मिळालं ते सोड, तुझ्या आज्याला कुठून मिळालं ते विचार. नाव आमचं, हिब्रूतलं. आमच्याकडून ग्रीकांनी नेलं, ग्रीकांकडून लॅटिनवाल्यांनी, त्यांच्याकडून तुम्ही फ्रेंचांनी. तीन हात फिरून आलेला माल तुमचा. माझा ओरिजिनल."

मोडक्या इंग्रजीत त्यांनी यातलं किती सांगितलं आणि फोरमनला किती कळलं, देव जाणे. कार्डावर मात्र एलिझे झिराडकर असंच लिहिलं गेलं, आणि पुढची अकरा वर्षं कारखाना त्यांना एलिझे म्हणूनच हाक मारत राहिला. पप्पांना ते मनातून आवडायचं. आमच्या लोकांत नावाचा अर्थ प्रत्येकाला ठाऊक असतो असं नाही, पण पप्पा स्वतःच्या नावाचा अर्थ बसस्टॉपवरच्या माणसालाही सांगायचे. एल म्हणजे देव, पुढचा भाग म्हणजे तारण. माझा देव तारणारा आहे. एलियाहू नबी आकाशात गेला तेव्हा त्याची शाल ज्याला मिळाली तो एलिशा. टकल्या म्हणून चिडवणाऱ्या पोरांवर ज्यानं अस्वलं सोडली तोही हाच. पप्पांना पूर्ण टक्कल होतं, आणि नबीच्या सगळ्या चमत्कारांत त्यांचा लाडका हाच.

आम्ही अलिबागजवळच्या झिराडचे ज्यू. आमचे वाडवडील घाण्यावर तेल काढायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून आम्ही शनिवार तेली. पप्पांनी तेल सोडून लाकूड धरलं आणि भायखळ्याला तीस वर्षं सुतारकी केली. आई गेल्यावर दोन वर्षांनी, १९६८ साली, वयाच्या चौपन्नाव्या वर्षी त्यांनी कॅनडाचे कागद भरले. सगळे नातेवाईक इस्रायलला निघाले होते. "सगळे जातात तिथे मी जात नाही," पप्पा म्हणाले, आणि विषय संपला. तेव्हा मी, ईव्हा, सव्वीस वर्षांची होते आणि धाकटा भाऊ बेन्सियन एकोणीस. आम्हाला कुणी काही विचारलं नाही. पप्पांना काही सांगायचं किंवा विचारायचं झालं की बेन्सियन माझ्याकडे यायचा. आई असताना आईकडे जायचा. समोर उभं राहून त्यांच्याशी बोलायची त्याची हिंमत शेवटपर्यंत झाली नाही.

मी संध्याकाळच्या वर्गाला जाऊन फ्रेंच शिकले आणि एका हॉटेलात टेलिफोन ऑपरेटर झाले. तिथे रेआल नावाचा माणूस हिशेबखात्यात होता. बुटका, लाजाळू, दर सोमवारी मला आईच्या हातचा मेपलचा पाक बाटलीतून आणून देणारा. तो कॅथलिक होता. १९७१च्या उन्हाळ्यात त्यानं मला लग्नाचं विचारलं आणि मी हो म्हटलं. तेव्हा मी एकोणतीस वर्षांची होते. आमच्या माणसांपैकी कुणी मला विचारेल ही आशा संपली होती.

पप्पांना सांगितलं त्या दिवशी ते ओरडले नाहीत. त्यांनी सदऱ्याची कॉलर दोन्ही हातांनी धरली आणि टराटरा फाडली. जवळचं माणूस मेलं की आम्ही तसं फाडतो. मग बेसमेंटमधून एक बुटका पाट आणून हॉलमध्ये भिंतीशी ठेवला आणि त्यावर बसले. सात दिवस बसले. आरशावर चादर टाकली. दाढी केली नाही. फोन आला तर सांगायचे, "घरात सुतक आहे. मुलगी वारली."

आणि ती वारलेली मुलगी रोज कामावरून येऊन भात-आमटी रांधायची, ताट वाढून पाटासमोर ठेवायची, आणि ते जेवायचे. मासे केले त्या दिवशी मीठ कमी पडलंय असंही म्हणाले. भिंतीकडे बघून म्हणाले, माझ्याकडे नाही.

आठव्या दिवशी उठले, दाढी केली आणि म्हणाले, "चहा टाक." बस्स. रेआलला मी त्याच आठवड्यात नाही म्हणून कळवलं होतं. त्यानं वर्षभरात दुसरीशी लग्न केलं. पण "तू पुन्हा जिवंत झालीस" असं पप्पांनी मला कधीच म्हटलं नाही. चहा मागितला, त्यातच समजून घ्यायचं. मी समजून घेतलं नाही. माझा राग गेला नाही, आणि तो जावा असं मला वाटतही नव्हतं. हे स्पष्ट लिहिलेलं बरं, कारण पुढे जे झालं ते त्या रागानं झालं.

पुढच्या वर्षी बेन्सियननं ज्युलिएट ओहायोनशी लग्न ठरवलं. ज्युलिएट मोरोक्कोची ज्यू. कासाब्लांकाहून आलेलं, घरात फ्रेंच बोलणारं कुटुंब. मुलगी आपल्या धर्माची, मग काय हवं? पप्पांनी लग्नासाठी नवा सूट शिवला. मला मारून मोकळा झालेला हा माणूस व्याह्याच्या गळ्यात हात टाकून हॉलमध्ये नाचला. सगळे टाळ्या वाजवत होते. मी पण वाजवल्या.

ज्युलिएट गरोदर राहिली तसं पप्पांनी बेसमेंटमध्ये काम काढलं. सुंतेच्या वेळी एलियाहू नबीसाठी एक खुर्ची रिकामी ठेवायची असते. ती खुर्ची ते स्वतः करत होते. मेपलचं लाकूड, एकही खिळा नाही, नुसते सांध्यावर सांधे. कारखान्यातून दमून यायचे आणि जेवण होताच खाली जाऊन रंधा मारत बसायचे. मी कपडे धुवायला खाली गेले की खुर्चीच्या पाठीवर हात फिरवत म्हणायचे, "तुझ्या आईनं बघायला हवं होतं." मला वाटायचं, हे हात माझ्यासाठी कधी एवढे हलले नाहीत.

जानेवारी १९७४. मुलगा झाला. दुसऱ्या दिवशी दुपारी बेन्सियनचा फोन आला, हॉटेलात, माझ्या बोर्डवर.

"ताई, एक प्रॉब्लेम झालाय. ज्युलिएटच्या डॅडींना बाळाला पप्पांचं नाव ठेवायचंय. त्यांच्यात पहिल्या मुलाला जिवंत आजोबांचंच नाव देतात. सगळ्यात मोठा रिस्पेक्ट असतो म्हणे तो. मी सांगितलं, आमच्या घरात जिवंत माणसाचं नाव ठेवत नाहीत. पण ते फार मागे लागलेत. तू पप्पांना विचार ना. मला डेअरिंग होत नाही. ते नो म्हणाले तर नो, फिनिश. दुसरं नाव बघू."

आमच्या घरात हे चालत नव्हतं, आणि ही साधीसुधी बंदी नव्हती. झिराडला पप्पांच्या काकांचं नाव पुतण्याच्या मुलाला ठेवलं आणि पंधरवड्याच्या आत काका माडावरून पडून गेले. पप्पा तेव्हा सात वर्षांचे होते, त्यांनी ते प्रेत पाहिलं होतं. ज्याचं नाव बाळाला दिलं त्याची जागा रिकामी झाली, असा आमच्याकडे अर्थ. जिवंतपणी नाव देणं म्हणजे, म्हातारबा, तुम्ही निघा आता.

मी बेन्सियनला म्हटलं, विचारते.

मी विचारलं नाही. घरी आले, पप्पा बेसमेंटमध्ये खुर्चीला पॉलिश करत होते, गुणगुणत होते. मी जिन्याच्या वरच्या पायरीवर उभी राहिले. एक वाक्य बोलायचं होतं. त्याऐवजी माझ्या मनात आलं, जिवंतपणी मेल्यावर कसं वाटतं ते यांनाही एकदा कळू दे. मी दिवा लावला आणि स्वयंपाकाला लागले.

दुसऱ्या दिवशी मीच फोन केला. "विचारलं."

"मग?"

"हो म्हणाले."

"खरंच? पप्पा? काय म्हणाले एक्झॅक्टली?"

"म्हणाले, ज्युलिएटच्या लोकांची रीत आहे तर ठेवा."

बेन्सियन फोनवर रडला. मग म्हणाला, "ताई, थँक्यू." आठव्या दिवसापर्यंत बाळाचं नाव तोंडातून काढायचं नाही, हे त्यांच्यातही आणि आमच्यातही होतं. त्यामुळे त्या आठवड्यात कुणीच पप्पांपाशी नाव काढलं नाही. माझं काम सोपं झालं.

सुंता ओहायोनांच्या सिनेगॉगमध्ये झाली. आम्ही घरात त्याला मशीदच म्हणायचो. बाहेर उणे बावीस. बाळाला मांडीवर घेऊन बसायचा मान पप्पांना दिला होता. शेजारी त्यांनी केलेली खुर्ची, तिच्यावर लाल मखमल. सुंता करणाऱ्या मोहेलनं काम केलं, बाळ ओरडलं, आणि पप्पांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. आईच्या अंत्ययात्रेतही मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. बाळाच्या तोंडात वाइनमध्ये बुडवलेली बोटभर कापसाची वात देत ते मराठीत म्हणत होते, "झालं रे राजा, झालं, झालं."

मग मोहेलनं पेला उचलला आणि नाव उच्चारलं. एलिशा, बेन्सियनचा मुलगा. ज्युलिएटचे वडील आनंदानं ओरडले, "एलिझे! एलिझे!" बायकांनी जिभा हलवून त्यांच्या पद्धतीची किलकारी दिली. सगळे पप्पांकडे बघत होते, आता हा म्हातारा आनंदानं वेडा होणार म्हणून.

पप्पांचा चेहरा मी पाहिला. तोच बघायला आले होते. आधी त्यांना कळलंच नाही. मग कळलं. त्यांनी बेन्सियनकडे पाहिलं, आणि बेन्सियन हसत होता. पप्पा उठले. बाळ खुर्चीवर ठेवलं. मखमल बाजूला सरकली होती, बाळ नुसत्या लाकडावर, रक्ताचं दुपटं गुंडाळलेलं, आकांत करतंय. ठेवलं आणि चालू पडले. ओव्हरकोट न घालता, टोपी न घालता दारातून बाहेर.

मी त्यांच्यामागे कोट घेऊन धावले. ते पायऱ्यांवर उभे होते. म्हणाले, "माझ्या पोरानं मला पुरलं, ईव्हा. एक शब्द विचारला नाही."

तेव्हा तरी मी सांगायला हवं होतं. दार उघडं होतं, आत सगळे उभे होते, दोन मिनिटांचं काम. मी त्यांच्या खांद्यावर कोट टाकला आणि टॅक्सी बोलावली.

संध्याकाळी बेन्सियनचा फोन. ज्युलिएट हमसून हमसून रडतेय, तिच्या वडिलांचा अपमान झालाय, काय झालं? मी म्हटलं, "हो म्हणाले होते, आता फिरले. म्हातारे झालेत." तो म्हणाला, मी येऊन त्यांना विचारतो, हो म्हणून असं का केलं. त्यावरही माझ्याकडे उत्तर तयार होतं. "ब्लडप्रेशर दोनशेच्या वर गेलंय. हा विषय काढलास तर ते तिथेच जातील. मग बस आयुष्यभर, तुझ्या पोराच्या नावानं बाप मेला म्हणत." बेन्सियन आला नाही. पुढे दोन-तीनदा आला, तेव्हा पप्पा बेसमेंटमध्ये जाऊन बसले आणि आतून कडी लावली. विषय कुणीच काढला नाही.

पप्पांना वाटायचं, आता आपण पंधरा दिवसांत जाणार. त्यांनी कपडे वाटून टाकले. हत्यारं तेल लावून कापडात बांधून ठेवली. पंधरवडा गेला, महिना गेला, ते मेले नाहीत. मग मरायची वाट बघणं हीच त्यांची रोजची कामगिरी झाली. सर्दी झाली तरी म्हणायचे, "आलं." कारखान्यात कुणी एलिझे म्हणून हाक मारली तर ओ द्यायचे नाहीत. फोरमननं मला फोन करून विचारलं, तुझ्या वडिलांना ऐकू कमी येतं का? मी म्हटलं, हो. स्वतःच्या नावाचा अर्थ त्यांनी पुन्हा कुणाला सांगितला नाही.

१९७७ साली बेन्सियन टोराँटोला गेला. आमच्या प्रांतात फ्रेंचची सक्ती झाली होती, म्हणून तेव्हा इंग्रजीवाले बरेच जात होते. तिथे आपली दहा-वीस घरंही होती. जाण्याआधी तो एकदा मुलाला घेऊन आला. तीन वर्षांचा, गोरा, आईचे डोळे आणि पप्पांचे कान. दारात उभा राहून त्यानं आजोबांना फ्रेंचमध्ये नमस्कार केला, "बोंजूर, पेपे." पप्पा खिडकीपाशी बसले होते. त्यांनी वळूनही पाहिलं नाही. बेन्सियननं मुलाला उचललं आणि पायऱ्या उतरून गेला. तेव्हा वाटलं, आता पुरे. माझ्या मनातलं सगळं फिटलं होतं. उलट माझ्याकडेच बाकी निघत होती. पण इतक्या वर्षांनी सांगायचं कसं? सांगितलं तर एक नाही, दोघंही मला मेली म्हणणार. मी गप्प राहिले, आणि गप्प राहायला रोज थोडं थोडं सोपं जात गेलं.

फेब्रुवारी १९८४ मध्ये पप्पांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. बोलणं जड झालं, पण कळत होतं. मंगळवारी दुपारी मी हॉस्पिटलमध्ये त्यांना चमच्यानं सूप पाजत होते. त्यांनी मान वळवून चमचा बाजूला सारला.

"तो किती वर्षांचा झाला?"

"कोण?"

"माझ्या नावाचा."

"दहा."

मग म्हणाले, "विचारलं असतं तर हो म्हटलं असतं, ईव्हा."

मी चमचा वाटीत ठेवला.

"काका माडावरून पडले ते दारू पिऊन पडले. सगळ्या गावाला माहीत होतं. मला माहीत नव्हतं होय? बेन्सियननं नुसतं येऊन म्हणायला हवं होतं, पप्पा, तुमचं नाव देऊ का? मी त्याला मिठी मारली असती. न विचारता केलं, ते लागलं मला." मग डाव्या हातानं माझं मनगट धरलं. "फोन कर त्याला. पोराला आण म्हणावं. एकदा डोक्यावर हात ठेवतो."

मी हो म्हटलं.

हॉस्पिटलच्या लॉबीत टेलिफोन होता. मी नाणी हातात घेऊन त्याच्यासमोर उभी राहिले. बेन्सियन येणार. पप्पांना बोलता येतंय. पप्पा म्हणणार, का नाही विचारलंस? बेन्सियन म्हणणार, विचारलं की, ताईनं विचारलं. मी नाणी पर्समध्ये टाकली आणि बस पकडून घरी गेले.

बुधवारी त्यांनी विचारलं, "केलास?" मी म्हटलं, "लागत नाही लाइन." गुरुवारी म्हटलं, "हायवे बंद आहे, स्नो पडलाय, रस्ता मोकळा करायला प्लाऊ यायचाय." त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. खिडकीबाहेर ऊन होतं, पण त्यांचा पलंग दाराकडे तोंड करून होता. शुक्रवारी सकाळी दुसरा झटका आला आणि वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, आता बोलणं परत यायचं नाही. मी लॉबीत गेले आणि टोराँटोला फोन लावला. पहिल्या रिंगलाच लागला.

सहा तासांत ते तिघं आले. पप्पांचे डोळे उघडे होते. एलिझे पलंगाशी आला, अंगात निळा पार्का कोट, हातात लोकरीची टोपी. पप्पांनी त्याच्याकडे पाहिलं. मग डावा हात उचलला, तोच हात, वर, हवेत, मुलाच्या डोक्याच्या दिशेनं. ज्युलिएटला वाटलं, म्हातारा मारतोय. तिनं झटकन मुलाला मागे ओढलं आणि स्वतःच्या कोटात लपवलं. बेन्सियन फ्रेंचमध्ये म्हणाला, "अजून राग गेलेला नाही." हात थोडा वेळ तसाच राहिला, मग चादरीवर पडला.

तो हात कशासाठी होता, हे त्या खोलीत मला एकटीला माहीत होतं. मी चादर नीट केली. पप्पा शनिवारी पहाटेच्या आधी गेले.

रविवारी दफन झालं. नंतर सात दिवस आम्ही माझ्या हॉलमध्ये खाली बसलो. मी कॉलर फाडून घेतली होती. तिसऱ्या दिवशी दुपारी लोक उठून गेले, ज्युलिएट स्वयंपाकघरात चहा करत होती. एलिझे माझ्याजवळ येऊन बसला. आत्याला तो फ्रेंचमध्ये तांत म्हणायचा. मला म्हणाला, "तांत ईव्हा, डॅड सेज ग्रँडपा सेड येस टू माय नेम. डिड ही रिअली?"

बेन्सियन भिंतीला टेकून बसला होता. तो म्हणाला, "सांग त्याला, ताई. तुझ्याशीच बोलले होते ना."

"येस," मी म्हटलं. "ही सेड येस."

मुलानं मान खाली घातली. टोपीची लोकर उपटत बसला. मग अगदी हळू म्हणाला, "देन हाऊ कम ही नेव्हर वाँटेड मी?"

तो माझ्याकडे बघत होता. बेन्सियनही बघत होता. दहा वर्षं त्यालाही तेच विचारायचं होतं. आता पप्पा येऊन काही सांगणार नव्हते. बेसमेंटची कडी उघडणार नव्हती. सांगितलं असतं तर एवढ्याशा मुलाला त्याचा आजोबा परत मिळाला असता, आणि बेन्सियनला बाप.

मी एलिझेच्या डोक्यावरून हात फिरवला. "सम पीपल आर लाइक दॅट, बेटा," मी म्हटलं. "त्यांना माणसांवर प्रेम करताच येत नव्हतं."

बेन्सियननं डोळे मिटून मान हलवली. एलिझेनं थोडा विचार केला, "ओके" म्हणाला, आणि आईनं हाक मारली म्हणून उठून चहा प्यायला गेला.